आवाज न करता आलेली बस

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र आलं. सगळ्या घरादाराची चौकशी करून झाल्यावर शेवटी तू विचारलंस, ‘अजून पीएमटीनंच फिरतेस का गं?’ हो गं, पीएमटीनंच. ते नाव खरं तर २००७ मध्येच गेलं. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाली आणि पीएमपीएमएल जन्माला आली. पण हडपसरच्या गाडीतळावर आजही कुणी ‘पीएमपीएमएल आली’ म्हणत नाही. पीएमटी आली, असंच म्हणतात. माझ्याही तोंडात तेच बसलंय, तर पत्रभर तसंच लिहिते.

मधली वीसेक वर्षं मी बस सोडली होती, हे तुला ठाऊक आहे. नोकरी, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, सगळं स्कूटीवर केलं. २०१९ मध्ये परत बसकडे वळले. कसं, ते सांगते.

फेब्रुवारीचा शेवट होता. गाडीतळाच्या थांब्यावर मी मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत उभी होते. बस आली की आधी पायांना कळायचं, आठवतं ना? जमीन थरथरायची, मग घरघर, मग धूर, मग बस. त्या दिवशी यातलं काही झालं नाही. मान वर केली तर पुढ्यात बसचं दार उघडं. आत चढले. गार हवा. खिडक्या वाजत नव्हत्या, पत्रा वाजत नव्हता. मागच्या बाकावर दोन बायका कुजबुजत होत्या आणि त्यांचं बोलणं मला पुढे ऐकू येत होतं. सुनंदा, पुण्याच्या बसमध्ये कुजबुज ऐकू आली! स्वारगेटला उतरले तेव्हा डोकं दुखत नव्हतं. त्यानंतर स्कूटी हळूहळू जिन्याखालीच राहायला लागली.

आपण स.प.ला जायचो तेव्हाच्या बस आठव. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, त्यावर बॉनेटचा उंचवटा आणि उंचवट्यावर गोणपाट. गर्दीत जागा नसली की आपण त्या बॉनेटला टेकून उभ्या राहायचो आणि मे महिन्यात ओढणीतूनसुद्धा चटका बसायचा. कंडक्टर चिमटा दांडीवर आपटत ‘पुढे सरका, पुढे सरका’ करायचे. कॉलेजात पोचल्यावर तू रुमालानं तोंड पुसायचीस आणि रुमाल काळा व्हायचा. तो रुमाल मला अजून दिसतो. आपण त्याला शहराची धूळ म्हणायचो. धूळ कसली, डिझेलची काजळी होती ती, आणि रुमालावर आली तेवढीच छातीतही जात होती.

पुण्यात विजेच्या बस फेब्रुवारी २०१९ मध्ये आल्या. पहिल्या पंचवीस, नऊ मीटर लांबीच्या. देवेंद्र फडणवीस तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. नयना गुंडे तेव्हा पीएमटीच्या प्रमुख होत्या. मग बारा मीटरच्या मोठ्या बस आल्या. आपल्या भेकराईनगरचा डेपो आणि तिकडे निगडीचा डेपो विजेच्या बससाठी तयार झाला. ६ मार्च २०२२ला पंतप्रधान मेट्रोच्या उद्घाटनाला आले, त्याच दिवशी आणखी शंभर बस आणि बाणेरचा डेपो सुरू झाला. आज पीएमटीच्या ताफ्यात दोन हजारांच्या आसपास बस आहेत आणि त्यातल्या पाचशेच्या आसपास विजेवर धावतात. बाकीच्या बहुतेक सीएनजीवर. भेकराईनगर म्हणजे आपल्या लहानपणी सासवड रस्त्यावरचं शेवटचं टोक. तिथे देशातल्या पहिल्या विजेच्या डेपोंपैकी एक उभा राहिला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पीएमटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. त्यांना या बसचं फार कुतूहल. एकदा रात्री साडेअकराला त्यांच्याबरोबर डेपोच्या रस्त्यावरून चालत आले. कुंपणापलीकडे बस ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीला मनगटाएवढी जाड केबल लावलेली, बारीक हिरवा दिवा आणि पंख्यांची मंद घूं घूं. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘आम्ही रात्री बसखाली झोपून ऑइल काढायचो. अंगाला वास असा लागायचा की घरी पोरं जवळ यायची नाहीत.’ मग बोटांवर मोजायला लागले: क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, इंजिन ऑइल नाही, सायलेन्सर नाही, रेडिएटरची कटकट कमी. त्यांच्या मते सगळ्यात मोठी सुटका ड्रायव्हरच्या डाव्या पायाची. शहरातल्या बसला दर शे-दोनशे मीटरवर थांबावं लागतं, दर वेळी क्लच आलाच. त्यांच्या बरोबरीच्या किती ड्रायव्हरांचे गुडघे गेले आणि कान गेले, ते त्यांनी नावं घेऊन सांगितलं. विजेच्या बसबद्दल बोलताना आपण आकाशाबद्दल, हवामानाबद्दल बोलतो. त्या बसमध्ये आठ तास बसणाऱ्या माणसाचं काय होतं, हे मला त्या रात्री कळलं.

तिचं काम कसं चालतं तेही मी जवळून पाहिलंय, आणि तेही कुठे, तर सिंहगडाच्या घाटात! २०२२च्या मे महिन्याच्या सुरुवातीला गडावर खासगी गाड्या बंद करून पायथ्याच्या गोळेवाडीपासून वर विजेच्या बस सोडल्या होत्या. भाचीला घेऊन गेले. मुद्दाम पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसले. चढताना समोरच्या पडद्यावर बॅटरीची टक्केवारी भराभर उतरत होती. भाची घाबरून आकडे मोठ्यानं वाचायला लागली. उतरताना गंमत झाली. ड्रायव्हरनं पाय उचलला की बसचा वेग आपोआप आवळला जायचा आणि काटा उलट्या बाजूला, चार्जिंगकडे झुकायचा. मोटर उतारावर जनित्र होते आणि गाडीचा जोर पुन्हा बॅटरीत साठवते. चढताना खाल्लेलं सगळं काही परत मिळत नाही, पण थोडं मिळतं, आणि ब्रेकही कमी झिजतात. शहरातही हेच होतं. सारखं थांबणं, सारखं निघणं डिझेलच्या गाडीला मारक, पण या बसला प्रत्येक थांब्यावर थोडी मिळकत होते. विजेची मोटर शहरी बसला इतकी शोभते ती यासाठीच.

गडावरची ती सेवा मात्र महिनाही टिकली नाही. अरुंद घाट आणि शनिवार-रविवारची तोबा गर्दी. लोक वर अडकायला लागले आणि पुन्हा खासगी गाड्या सोडाव्या लागल्या. मला फार वाईट वाटलं. कल्पना उत्तम होती. तिच्यामागे पुरेशा बस आणि पुरेशी तयारी असती, तर आज सिंहगडावर धुराशिवाय पिठलं-भाकरी खाता आली असती. सुनंदा, मला जे सांगायचंय त्याचं बीज या सिंहगडाच्या गोष्टीत आहे, म्हणून जरा लांबण लावली.

तुझ्या लंडनचं आणि आमचं एक नातं सांगते. पुण्याच्या पहिल्या विजेच्या बस हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीच्या, पण तंत्रज्ञान चीनच्या बीवायडीचं. तुमच्याकडे वॉटर्लूचा डेपो २०१६ मध्ये विजेच्या बसचा झाला, त्या बसच्या पोटातही बीवायडीचीच बॅटरी. म्हणजे तू ऑफिसला जातेस आणि मी मंडईला जाते, त्या दोन बस चुलत बहिणी म्हणायला हरकत नाही. आणि बीवायडीच्या गावी, शेन्झेनमध्ये, २०१७ अखेर सोळा हजारांहून जास्त बस झाडून सगळ्या विजेच्या झाल्या. तेव्हा हे होतच नाही, असं म्हणायची सोय आता कुणाला राहिली नाही.

तुमच्याकडची आणखी एक गोष्ट वाचली ती मला फार लागली. २०२०च्या सुरुवातीला लंडनच्या १०० नंबरच्या मार्गावर विजेच्या बसना मुद्दाम बारीक आवाज दिला, अंध माणसांना बस कळावी म्हणून. आमच्या गाडीतळावर एक अंध गृहस्थ रोज सकाळी असतात. पूर्वी ते आवाजावरून बस ओळखायचे, आली की दोन पावलं पुढे व्हायचे. आता शेजारच्याला विचारतात, ‘आली का हो?’ कुणीतरी हात धरून चढवतं, पुणं अजून तेवढं माणुसकीचं आहे. पण त्यांना विचारावं लागतं, हे मला बरोबर वाटत नाही. ज्या शांततेवर मी भाळले, तिनं त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं. तसा आवाज आपल्या बसलाही हवा. खर्च फार नाही, आठवण ठेवायला हवी.

वीज कुठून येते हा प्रश्न तू विचारशीलच, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मुंबईचं बरं होतं. बेस्ट म्हणजे वीज आणि वाहतूक एकाच छताखाली. नावातच दोन्ही. १९६२ ते १९७१ त्यांनी वरच्या तारेवर चालणाऱ्या ट्रॉलीबसही चालवल्या, आजोबा सांगायचे. आपल्याकडे बस एका संस्थेची आणि वीज महावितरणची. डेपोला उच्चदाबाची जोडणी हवी, उपकेंद्र हवं, त्यासाठी जागा, खोदाई, परवानग्या. बस विकत घेणं एक वेळ लवकर होतं, तिला रात्री जेवायला घालायची सोय करायला वेळ लागतो. पन्नास-शंभर बस एकदम चार्जिंगला लावणं म्हणजे एका लहान गावाचे दिवे एकदम लावण्यासारखं आहे.

आणि ही वीज अजून मोठ्या प्रमाणावर कोळशाची आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, त्याच्या राखेत आणि उन्हाळ्यात तिथली माणसं राहतात. माझी एक मावसबहीण तिकडे दिली आहे. मी फोनवर या बसचं कौतुक केलं की ती ऐकून घेते. एकदा एवढंच म्हणाली, ‘तुमच्याकडे धूर नाही हे चांगलं आहे गं.’ मी गप्प झाले. विजेची मोटर डिझेलच्या इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी असते, त्यामुळे एकूण हिशेबातही फायदाच आहे, आणि पवन-सौर वाढेल तसा तो वाढत जाईल. डिझेलची बस जन्मभर डिझेलचीच राहते, विजेची बस मात्र जुनी होतानाही जास्त स्वच्छ होऊ शकते. तरीही ‘शून्य प्रदूषण’ हा शब्द मी जपूनच वापरते. स्वारगेटच्या चौकात शून्य, एवढं खरं. चंद्रपूरला ते शून्य नाही. डेपोच्या शेडवर, मोठमोठ्या छपरांवर सौर पट्ट्या बसवल्या तर माझ्या बहिणीचं ऋण थोडं तरी फिटेल.

हायड्रोजनचंही ऐकलं असशील. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच, आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मूळ संस्था सीएसआयआर आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून केलेली हायड्रोजनवरची बस सादर झाली. तिच्या नळीतून पाणी येतं. लांबच्या पल्ल्याला ती उपयोगी पडेल. शहरात मात्र बॅटरीच बरी, असं मला वाटतं. तीच वीज हायड्रोजन करायला आणि मग त्याची परत वीज करायला वापरली, तर वाटेत फार वाया जाते.

एसटीचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ जून १९४८ला पहिली एसटी धावली ती नगर-पुणे. १ जून २०२२ला एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली तीही पुणे-नगर मार्गावर. माझं आजोळ नगरचं, म्हणून मी मुद्दाम त्या जूनमध्येच शिवाईनं गेले. आजीला एसटी लागायची, डिझेलच्या वासानं शिरूरपर्यंत लिंबू हुंगत बसायची. ती असती तर तिला खिडकीशी बसवून नेलं असतं.

आता मुद्द्यावर येते. बस विजेची झाली, फार चांगलं झालं. पण थांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला बस कशावर चालते याआधी ती येते का, हे हवं असतं. शहरात लाख लोकांमागे साठ बस असाव्यात असा केंद्र सरकारचाच मापदंड आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सत्तर लाखांच्या घरात गेलं. तू हिशेब कर. चार हजारांच्या वर बस हव्यात, आहेत निम्म्याच. त्या निम्म्या बस रोज दहा लाखांहून जास्त माणसं वाहून नेतात, याला मी पराक्रमच म्हणते. २०२५ मध्ये केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून पुण्यासाठी आणखी हजार विजेच्या बस मंजूर झाल्या. मला धास्ती एवढीच आहे, की हजार नव्या येतील आणि हजार जुन्या जातील. मग धूर कमी होईल, पण गर्दी तेवढीच आणि स्कूटीही तेवढ्याच. एक जुनी सीएनजी बस बदलली तर एका बसचं प्रदूषण वाचतं. एक बस वाढली, वेळेवर आली, तर तिच्या मागे चाळीस-पन्नास दुचाक्या घरी राहतात. माझी राहिली ना!

आणि दुसरं, रस्ता. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली ती आपल्याच पुण्यात. बससाठी वेगळी मार्गिका. ती नीट झाली नाही, थांबे चुकले, ओलांडायची सोय चुकली, हे खरं. पण चूक दुरुस्त करायच्या ऐवजी आपण मार्गिकाच मोडत गेलो. नगर रस्त्यावरची तर २०२३ मध्ये उखडली. आता दीड कोटीच्या आसपास किंमत असलेली बस मगरपट्ट्याच्या चौकात मोटारींच्या मागे उभी असते, एसी चालू, बॅटरी उतरते आहे, एका मोटारीत एक माणूस आणि बसमध्ये सत्तर. तुमच्या लाल बसला लंडनमध्ये स्वतःची मार्गिका आहे, म्हणून साहेबसुद्धा बसमध्ये बसतो. मला विचारशील तर मी नव्या बसच्या आधी तिची मार्गिका परत मागेन.

पैशांचंही नीट बघायला हवं. या बस पीएमटीच्या मालकीच्या नाहीत. ठेकेदाराची बस, ठेकेदाराचा ड्रायव्हर, पीएमटीचा कंडक्टर आणि किलोमीटरमागे ठरलेले पैसे. किंमत एवढी मोठी की एकदम विकत घेणं परवडत नाही, म्हणून ही रीत. पण मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या आणि हजारो माणसं थांब्यांवर राहिली. तूट भरायची जबाबदारी दोन महापालिकांची, पुण्याची साठ टक्के, पिंपरी-चिंचवडची चाळीस. उड्डाणपुलाला पैसे देताना कुणी त्याला तोटा म्हणत नाही. बसला दिले की मात्र तो तोटा ठरतो. हा शब्दच बदलायला हवा. आणि ठेकेदाराकडच्या त्या ड्रायव्हरला कायम नोकरीवाल्याइतका पगार नि सुट्टी मिळायला हवी. गुडघे वाचले, आता पोटही सांभाळलं पाहिजे.

बरं, पुरे. तू जूनमध्ये येतेस ना? पाऊस सुरू झालेला असेल. घरच्यांना गाडी घेऊन विमानतळावर बोलावू नकोस, तिथून विजेची बस मिळते, मी घ्यायला येते. आणि एका सकाळी आपण दोघी गाडीतळावरून स्वारगेटला जाऊ, टिळक रस्त्यानं चालत स.प.च्या फाटकापर्यंत. एक पांढरा रुमाल आण, जाऊन आल्यावर बघू त्याचा रंग काय राहतो ते. आणि हो, तुझ्या मनात अजून जुने दर असतील. १ जून २०२५पासून पहिल्या टप्प्याचं तिकीट दहा रुपये झालंय.

तुझी,
वैजू